पेपर कोणाचा? बातमीतला राजकीय कल आणि आपण वाचक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या वाचनालयांतून, महाविद्यालयांतून आणि घरोघरच्या वर्गणीदारांकडून आमच्याकडे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे आणि अपवादांचे. एखाद्या मुद्द्याचं उत्तर आधी येऊन गेलं असेल तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. साप्ताहिकं, पाक्षिकं, मासिकं यांच्याबद्दल आहे तसंच हे दैनिकांबद्दलही आहे, कारण आपल्याकडचा वाचक दोन्ही एकाच टेबलावर वाचतो.

१. बातमीत राजकीय कल आहे म्हणजे नेमकं काय? खोटी बातमी आणि कललेली बातमी एकच का?

एकच नाही. खोट्या बातमीत न घडलेलं छापलेलं असतं. कललेल्या बातमीतलं वाक्य न् वाक्य खरं असू शकतं. तिथे फरक पडतो तो निवडीने. कोणाची सभा पहिल्या पानावर आणि कोणाची पाचव्या पानाच्या तळाशी? मथळ्यात मोर्चाची मागणी आहे की मोर्चामुळे अडलेली वाहतूक? एकाने 'सांगितले' आणि दुसऱ्याने 'दावा केला', असं का लिहिलं? म्हणूनच 'यात खोटं काय आहे ते दाखवा' एवढं म्हणून संपादकाची सुटका होत नाही.

साप्ताहिक आणि मासिकात हे जास्त ठळक होतं. घटना दैनिकात येऊन गेलेली असते, टीव्हीवर दिसलेली असते. अंक विकत घेतला जातो तो अर्थ लावून घेण्यासाठी, आणि कोणताही अर्थ कुठल्या तरी जागी उभं राहूनच लावावा लागतो.

कल चार ठिकाणी शोधावा: शब्दांत, जागेत, पैशात आणि मौनात. बहुतेक वाचक शब्दांपाशीच थांबतात, कारण विशेषणं डोळ्यांत भरतात. आमच्या मते शब्दांतला कल सगळ्यांत कमी घातक, कारण तो दिसतो. पैशातला आणि मौनातला कल दिसत नाही, आणि मराठवाड्याचं जास्त नुकसान त्यांनीच केलं आहे. म्हणून पुढची लांब उत्तरं त्यांच्यावरच आहेत.

२. एखाद्या साप्ताहिकाने उघडपणे एका पक्षाची बाजू घेतली तर ते कायद्याने चालतं का?

चालतं. संविधानाच्या कलम १९(१)(क) मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यातच वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य येतं. कोणत्याही नियतकालिकाने तटस्थ असलंच पाहिजे, असा कायदा आपल्याकडे नाही. अंकाची पानं आणि किंमत सरकारने ठरवून देण्याचा १९६० चा आदेशसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने 'सकाळ'च्या प्रकरणात रद्द केला. पानांवर बंधन घालणं म्हणजे विचारांच्या प्रसारावर बंधन घालणं, अशी त्यामागची भूमिका होती.

मराठवाड्याच्या वाचकाने तर आपला इतिहास आठवावा. निजामी राजवटीत आ. कृ. वाघमारे यांच्या 'मराठवाडा' पत्रावर बंदी आली तेव्हा ते दुसऱ्या नावांनी निघत राहिलं. ज्या अनंतराव भालेरावांनी पुढे ते दीर्घकाळ चालवलं, ते स्वतः हैदराबाद मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते. त्या पत्राला बाजू होती आणि ती त्याने लपवली नाही. बाजू घेणं हा दोष नाही. बाजू घेऊन ती झाकणं आणि तिच्यासाठी तथ्यं मोडणं, हा दोष आहे.

३. कोणता अंक कोणत्या विचाराचा, हे सामान्य वाचकाला कसं कळणार?

काही अंक ते स्वतःच सांगतात. १९६० मध्ये सुरू झालेलं व्यंगचित्र साप्ताहिक 'मार्मिक' आणि दैनिक 'सामना' ही बाळासाहेब ठाकरे यांची पत्रं. १५ ऑगस्ट १९४८ ला साने गुरुजींनी सुरू केलेली 'साधना' समाजवादी विचारांची. साप्ताहिक 'विवेक' आणि हिंदी 'पाञ्चजन्य' राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या विचारांचे. 'प्रबुद्ध भारत' आंबेडकरी चळवळीचं. हे अंक वाचताना आपण कोणाच्या घरात आलो आहोत हे आधीच माहीत असतं, त्यामुळे फसवणूक होत नाही.

अडचण येते ती 'आम्ही सर्वांचे' म्हणणाऱ्या अंकांची. त्यांच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं असतात. ती वाचायची सवय लावा. शिवाय वर्षानुवर्षं नियतकालिकं फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात मालकीचं निवेदन छापत आली आहेत. वाचनालयात मार्चचे जुने अंक असतील तर ते काढून बघा, मालक कोण हे तिथेच सापडेल. मालकाचं नाव ओळखीचं निघालं तर पुढचा प्रश्न वाचा.

४. मालक पुढाऱ्याच्या घरातला असेल तर त्या पेपरमधलं सगळंच खोटं धरायचं का?

नाही. महाराष्ट्रातल्या मोठ्या वृत्तसमूहांची राजकीय घराण्यांशी असलेली नाती उघड आहेत. 'लोकमत' जवाहरलाल दर्डा यांनी वाढवला. ते काँग्रेसचे मंत्री होते, त्यांचे एक चिरंजीव राज्यसभेत गेले आणि दुसरे औरंगाबादेतून आमदार होऊन मंत्री झाले. ना. भि. परुळेकरांनी १९३२ मध्ये सुरू केलेला 'सकाळ' पुढे पवार कुटुंबाकडे आला. या दोन्ही समूहांत उत्तम बातमीदारी झालेली आहे आणि होते. मालकी कळली की एवढंच ठरतं की कोणत्या विषयावर हा अंक एकटा पुरेसा नाही. पावसाची, बाजारभावाची, न्यायालयाच्या निकालाची बातमी त्यातून निर्धास्त घ्या. मालकाच्या पक्षातल्या तिकीटवाटपाची बातमी मात्र दुसऱ्या अंकाशी ताडून घ्या.

५. आमच्या तालुक्याच्या साप्ताहिकात सगळेच पुढारी कर्तबगार, सगळेच लाडके. कोणाविरुद्ध एक ओळ नसते. मग याला पक्षपात म्हणायचं की नाही?

म्हणायचं, फक्त हा पक्षपात एका पक्षाकडे झुकलेला नाही. तो जाहिरात देऊ शकणाऱ्या प्रत्येकाकडे झुकलेला आहे.

तालुक्याच्या साप्ताहिकाचा हिशेब मांडून बघा. चारशे-पाचशे वर्गणीदारांच्या पैशात कागदही सुटत नाही. अंक चालतो तो वाढदिवसाच्या शुभेच्छांवर, वर्धापनदिनाच्या विशेषांकावर, दिवाळी अंकातल्या जाहिरातींवर. त्या जाहिराती देणार कोण? साखर कारखाना, पतसंस्था, बाजार समिती, शिक्षणसंस्था, नगराध्यक्ष, नव्याने इच्छुक झालेला एखादा गुत्तेदार. म्हणजे ज्यांच्याबद्दल बातमी व्हायला हवी, नेमके तेच.

मोठ्या दैनिकांच्या तालुका प्रतिनिधीचं दुखणं वेगळं नाही. अनेक ठिकाणी त्याला मिळणारं मानधन इतकं तुटपुंजं असतं की घर चालतं ते जाहिरातीच्या कमिशनवर. सकाळी ज्याच्याकडे पानभर शुभेच्छांची जाहिरात मागायची, त्याच्याच संस्थेतल्या नोकरभरतीबद्दल संध्याकाळी प्रश्न विचारायचा, हे एका माणसाकडून होत नाही. त्याला भ्रष्ट म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं आहे. व्यवस्थाच अशी बांधली आहे की बातमी आणि वसुली एकाच खिशात जातात.

वाचक म्हणून करण्यासारखी गोष्ट एकच, आणि ती खर्चाची आहे: चांगला वाटणाऱ्या छोट्या अंकाची वर्गणी भरा आणि वेळेवर भरा. फुकट वाचला जाणारा अंक दुसऱ्या कोणाच्या तरी पैशावर चालतो.

६. सरकारी जाहिरातींमुळे पेपर गप्प बसतात, असं ऐकतो. त्याचा पुरावा कसा मिळवायचा?

पुरावा मिळवता येतो. शासनाच्या जाहिराती यादीवरच्या नियतकालिकांना ठरलेल्या दराने मिळतात. राज्यात हे काम माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आणि त्याची जिल्हा माहिती कार्यालयं पाहतात. महापालिका, जिल्हा परिषदा, पाटबंधारे महामंडळं आपल्या निविदा आणि नोटिसा छापून घेतात. हा सगळा सार्वजनिक पैसा आहे. त्यामुळे मागच्या आर्थिक वर्षात कोणत्या नियतकालिकाला किती रकमेच्या जाहिराती दिल्या, हे माहिती अधिकार कायदा, २००५ खाली १० रुपयांच्या अर्जावर विचारता येतं. आलेली यादी समोर ठेवून त्या अंकांनी त्याच वर्षी त्या कार्यालयाबद्दल काय छापलं ते पाहा. एकदा पैसे मिळाले म्हणून कल सिद्ध होत नाही. जाहिराती वाढत गेल्या आणि प्रश्न कमी होत गेले, असं दोन-तीन वर्षं दिसलं तर मात्र तो विचार करण्याजोगा पुरावा आहे.

जोडीला एक माहिती. सरकारी जाहिरातीतून नेत्यांचं गुणगान होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये त्यांतल्या छायाचित्रांवर बंधन घातलं होतं. मार्च २०१६ मध्ये ते शिथिल करून मुख्यमंत्री आणि मंत्र्यांचे फोटो पुन्हा चालू झाले.

७. 'पेड न्यूज' म्हणताना सगळे नांदेडचं नाव का घेतात? तिथे नेमकं काय झालं होतं?

ऑक्टोबर २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण नांदेड जिल्ह्यातल्या भोकर मतदारसंघातून उभे होते आणि लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. त्या काळात मराठी दैनिकांत त्यांच्या कारकिर्दीचं कौतुक करणारा मजकूर पानंच्या पानं आला. काही पुरवण्यांवर 'अशोक पर्व' असं नाव होतं. पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये दाखवून दिलं की एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत एकच मजकूर शब्दशः छापला गेला होता, आणि त्यावर 'जाहिरात' असा शब्द कुठे नव्हता. चव्हाणांनी निवडणूक खर्चात वृत्तपत्रीय जाहिरातींसाठी दाखवलेली रक्कम होती ५,३७९ रुपये.

प्रकरण निवडणूक आयोगाकडे गेलं. पैसे देऊन बातम्या छापून घेतल्याचा आरोप चव्हाणांनी नाकारला. खर्चाचा हिशेब खरा आहे की नाही हे तपासण्याचा आयोगाला अधिकार आहे का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०१४ मध्ये न्यायालयाने आयोगाच्या बाजूने कौल दिला. जुलैमध्ये आयोगाने हिशेब नियमाप्रमाणे नसल्याचं म्हणत नोटीस काढली. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. चव्हाणांवर अपात्रतेची कारवाई झाली नाही. गावातल्या चर्चेत या गोष्टीचा शेवटचा भाग नेहमी गळतो. तो सांगितला पाहिजे, नाहीतर पक्षपाताबद्दल बोलताना आपणच पक्षपात करू.

याच काळात भारतीय प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने पेड न्यूजवर ७१ पानांचा अहवाल लिहिला. त्यात नावं होती. कौन्सिलने २०१० मध्ये बाहेर काढली ती त्याची छोटी आवृत्ती. पूर्ण अहवाल केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये लोकांसमोर आला. वृत्तपत्रांनी स्वतःबद्दलची बातमी कशी हाताळली, हेही यातून कळतं.

८. मग पेड न्यूज हा गुन्हा आहे की नाही?

लोकप्रतिनिधित्व कायद्यात तो अजून स्वतंत्र निवडणूक गुन्हा नाही. निवडणूक आयोगाने आणि २०१५ मध्ये विधी आयोगाने तशी शिफारस केली आहे. आज कारवाई होते ती खर्चाच्या वाटेने. जिल्हास्तरावरची माध्यम प्रमाणीकरण आणि संनियंत्रण समिती संशयित मजकूर पाहते, उमेदवाराला नोटीस जाते, आणि तो मजकूर पैशाचा होता असं ठरलं तर त्याचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जातो. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना आयोगाने याच मुद्द्यावर २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं होतं.

ओळखायच्या खुणा: दोन पेपरमध्ये तोच मजकूर, बातमीदाराचं नाव नाही, विरोधी उमेदवाराचा उल्लेख नाही, अक्षरवळण बाकीच्या पानापेक्षा वेगळं. अशी कात्रणं तारखेसह त्या समितीकडे द्या.

९. आमचा पेपर सत्ताधारी आणि विरोधक दोघांचंही छापतो. मग तो निष्पक्ष झालाच ना?

आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत हा सगळ्यांत महत्त्वाचा आहे. दोन्ही पक्षांना सारखी जागा दिली की पक्षांपुरता समतोल झाला. पण जे दोन्ही पक्षांच्या सोयीचं आहे, त्याचं काय?

मांजरा खोऱ्यातला ऊस घ्या. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. देशभरच्या अंकांनी ती गाडी मुखपृष्ठावर घेतली. सरकारचं काय चुकलं यावर सत्ताधारी आणि विरोधक दोघांचीही मतं भरपूर छापली गेली. पण इतक्या कमी पावसाच्या प्रदेशात एवढा ऊस आणि एवढे कारखाने कशाला, हा प्रश्न त्या मानाने फार थोड्या ठिकाणी आणि फार थोडे दिवस टिकला. कारण सरळ आहे. कारखानदार सगळ्याच पक्षांत आहेत आणि जाहिरातदारही तेच आहेत (प्रश्न ५ पाहा). दोन कारखानदार नेत्यांची एकमेकांवरची टीका शेजारी शेजारी छापली की पान समतोल दिसतं, आणि ज्याच्या बोअरला पाणी उरलं नाही तो कोरडवाहू शेतकरी त्या पानावर कुठेच नसतो.

बीडच्या ऊसतोड कामगार बायकांचंही तसंच. गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रमाण त्यांच्यात भयानक आहे, हे २०१९ मध्ये राज्यभर गाजलं आणि सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. त्या शस्त्रक्रिया काही त्या वर्षी सुरू झाल्या नव्हत्या. दर दसऱ्यानंतर कोयता घेऊन जाणारे ट्रक आणि ट्रॅक्टर सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून जात होते. मुकादमाची उचल, खाडा झाला की कापले जाणारे पैसे, फडावरचं बाळंतपण यांची बातमी कोणत्याही पक्षाच्या प्रेस नोटमध्ये येत नाही. प्रेस नोटांवर भरलेला अंक कितीही समतोल असो, तो ज्यांच्याकडे प्रेस नोट काढणारा माणूस आहे त्यांच्या बाजूचाच असतो.

१०. जायकवाडीच्या पाण्याची बातमी नाशिक-नगरच्या पाहुण्यांनी पाठवली. तोच पेपर, पण तिकडच्या आवृत्तीत एकदम उलटा सूर! असं कसं?

हा पक्षाचा नाही, आवृत्तीचा कल. समन्यायी पाणीवाटपाचं तत्त्व महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात २००५ पासून आहे. त्यानुसार तुटीच्या वर्षी वरच्या धरणांतून नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, पाणी सोडावं लागतं. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. वरच्या आवृत्तीचा वाचक द्राक्ष, कांदा आणि ऊस पिकवणारा. खालच्या आवृत्तीचा वाचक पैठण, संभाजीनगर, जालना इथे नळाची वाट बघणारा. दोन्ही ठिकाणचे वितरण विभाग आपापल्या वाचकाला दुखवत नाहीत. गंमत म्हणजे अशा वेळी एकाच पक्षाचे दोन जिल्ह्यांतले आमदारही परस्परविरोधी बोलतात आणि दोघांचं आपापल्या आवृत्तीत ठळक छापून येतं.

या विषयावर दोन्ही आवृत्त्यांचे ई-पेपर एकदा शेजारी उघडून वाचा. एका बाजूला धरणातला साठा मोठ्या आकड्यात असतो, दुसऱ्या बाजूला वाटेत मुरणारं आणि उपसलं जाणारं पाणी. पूर्ण चित्रासाठी दोन्ही आकडे लागतात.

११. आरक्षणाच्या बातम्यांवरून आमच्या घरात रोज वाद. मला तो पेपर मराठ्यांच्या विरोधात वाटतो, माझ्या ओबीसी मित्राला तोच पेपर मराठ्यांचा वाटतो. बरोबर कोण?

कदाचित दोघंही नाही. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या व्हॅलोन, रॉस आणि लेपर या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. बैरूतमध्ये १९८२ साली झालेल्या हत्याकांडाच्या टीव्हीवरच्या बातम्या त्यांनी इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. बातम्या त्याच, तरी दोन्ही गटांना त्या आपल्या विरोधात कललेल्या वाटल्या. प्रश्नाशी ज्याचं नातं जितकं घट्ट, त्याला मधला मजकूर तितका शत्रूचा वाटतो.

जालना जिल्ह्यात याचा अनुभव आपण घेतला आहे. अंतरवाली सराटीत १ सप्टेंबर २०२३ ला लाठीमार झाला आणि मनोज जरांगे यांचं उपोषण राज्याचा विषय बनलं. जून २०२४ मध्ये तिथून जवळच वडीगोद्रीला लक्ष्मण हाके ओबीसींच्या मागणीसाठी उपोषणाला बसले. दोन्ही मांडवांत पेपर वाचले जात होते. आपल्या उपोषणाची बातमी लहान आणि समोरच्यांची मोठी, अशी तक्रार दोन्हीकडून यायची.

याचं कारण वाचकाचा मूर्खपणा नाही. ज्याच्या मुलाचा प्रवेश पाच गुणांनी हुकला आहे त्याला आपल्या बाजूचे दहा मुद्दे पाठ असतात. बातमीत त्यातले चार आले की न आलेले सहा त्याला टोचतात. समोरच्याच्या बाजूचे चार आले तर ते चारही त्याला जास्तीचे वाटतात.

१२. म्हणजे कल वगैरे काही नसतो, सगळे आपल्या मनाचे खेळ, असंच ना?

अजिबात नाही, आणि प्रश्न ११ चं उत्तर संपादकांनी ढाल म्हणून वापरू नये. 'दोन्हीकडून शिव्या येतात म्हणजे आम्ही बरोबर मध्ये आहोत' हा युक्तिवाद फसवा आहे. दोन्हीकडून शिव्या वाईट कामालाही पडतात. आपली जाणीव कच्चा पुरावा आहे. ती तपासून घ्यावी लागते.

तपासायची आमची आवडती रीत पीकविम्याची. २०१९ च्या शेवटी उद्धव ठाकरे, जून २०२२ च्या अखेरीस एकनाथ शिंदे, डिसेंबर २०२४ मध्ये देवेंद्र फडणवीस, असे मुख्यमंत्री बदलले. सोयाबीनच्या नुकसानीची, विमा कंपनीच्या नकाराची, रखडलेल्या पंचनाम्याची तक्रार प्रत्येक कारकिर्दीत होती. वाचनालयातल्या एकाच नियतकालिकाच्या जुन्या फायली काढा. त्या त्या वर्षाच्या सप्टेंबर-ऑक्टोबरचे अंक घ्या आणि वहीत लिहा: विषय किती वेळा आला, कोणत्या पानावर, शेतकऱ्याचं नावानिशी म्हणणं होतं की फक्त मंत्र्यांचं आश्वासन, मथळ्यात दोष कोणाला दिला. एका सरकारच्या काळात विमा कंपनी दोषी आणि दुसऱ्याच्या काळात कृषिमंत्री दोषी, असं वळण दिसलं तर कल तुमच्या हातात सापडला. त्या वर्षीचं नुकसान खरंच कमी होतं का, हेही तपासा. ते कमी असेल तर बातम्या कमी होणारच.

दुसरी रीत पाठपुराव्याची. आरोप पहिल्या पानावर आला होता, तर निर्दोष सुटल्याची बातमी कुठे आली? आणि उलट, आपल्या माणसावरचा आरोप एक दिवस येऊन कुठे गायब झाला?

१३. दलित वस्तीतले वाचक म्हणतात, पेपर कोणत्याही पक्षाचा असो, आमचा नसतो. हे जास्तच नाही का?

जास्त नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात हे मांडलं होतं. मुंबई इलाख्यातली बरीच पत्रं विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहतात, इतरांच्या हिताची पर्वा करत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. स्वतःचं पत्र काढावं लागलं ते त्यामुळे.

पुढचा अनुभव फार वेगळा नाही. शेजारच्या विदर्भात खैरलांजीला २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. त्या घटनेचं खरं स्वरूप मोठ्या माध्यमांत यायला आठवडे गेले, आणि ते आलं लोक रस्त्यावर उतरल्यावर. आपल्याकडे जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव झाल्यानंतर गावोगाव दलितांची घरं जाळली गेली. त्याला नुसतं 'दंगल' म्हटलं की मारणारा आणि मार खाणारा एका ओळीत उभे राहतात. जिल्हा प्रतिनिधी, उपसंपादक, संपादक या खुर्च्यांवर कोण बसतं याचा या सगळ्याशी संबंध आहे. पक्षांच्या तराजूवर हा कल मोजताच येत नाही. म्हणून ज्या वाचकाला तो सोसावा लागतो त्याचं आधी ऐकून घ्यावं.

१४. मला कल ओळखता येतो. भीती वाटते ती गावातल्या साध्या लोकांची, ते फसतात.

हे जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. माध्यमांचा परिणाम आपल्यापेक्षा इतरांवर जास्त होतो, असं माणसांना वाटतं, हे समाजशास्त्रज्ञ डेव्हिसन यांनी १९८३ मध्येच मांडलं. पारावर पेपर मोठ्याने वाचला जातो तेव्हा शाळा न शिकलेला म्हातारा 'हे कोणी छापायला दिलं?' असं पहिल्यांदा विचारतो. त्या प्रश्नाला कमी लेखू नका.

१५. मतदानाच्या आदल्या दिवशी प्रचार बंद असतो, मग पेपरमध्ये पानभर जाहिराती कशा? ही तक्रार करता येईल का?

बहुतेकदा नाही. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांचं बंधन लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ चं आहे. ते सभा, सिनेमा, टीव्ही अशा साधनांना लागू होतं. छापील वृत्तपत्रं त्यात नाहीत. मात्र मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी छापायची राजकीय जाहिरात प्रश्न ८ मधल्या समितीकडून आधी प्रमाणित करून घ्यावी लागते, असा आयोगाचा दंडक आहे. तक्रार करायची तर प्रमाणपत्र होतं का, एवढ्यावर करा. बातमीचं रूप घेतलेल्या जाहिरातीबद्दल प्रश्न ८ पाहा.

१६. एकतर्फी किंवा बदनामीकारक मजकुराविरुद्ध दाद कुठे मागायची?

आधी संपादकाला लेखी कळवा आणि त्याची प्रत ठेवा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर भारतीय प्रेस कौन्सिलकडे जा. दैनिक आणि साप्ताहिकाबाबत मजकूर छापल्यापासून दोन महिन्यांत, इतर नियतकालिकांबाबत चार महिन्यांत. मूळ कात्रण, त्याचं इंग्रजी किंवा हिंदी भाषांतर, संपादकाशी झालेला पत्रव्यवहार आणि याच विषयावर न्यायालयात खटला चालू नसल्याचं निवेदन जोडा. वकील लागत नाही.

कौन्सिल ताकीद देऊ शकते, निषेध नोंदवू शकते. दंड करू शकत नाही. तरीही आम्ही तक्रार करा असंच सांगतो, कारण संपादकाला उत्तर लिहायला बसावं लागतं आणि नोंद राहते. टीव्ही वाहिन्या कौन्सिलच्या कक्षेत येत नाहीत. आणि अग्रलेखातलं मत पटलं नाही, ही तक्रार होत नाही. त्यासाठी वाचकांच्या पत्रव्यवहाराचं सदर आहे.

१७. व्हॉट्सॲपवर पेपरचं कात्रण आलं, नाव त्याच पेपरचं. तरी खोटं असू शकतं?

असू शकतं. निवडणुकीच्या दिवसांत बनावट कात्रणं सर्रास फिरतात. तारीख आणि आवृत्ती नसेल तर पुढे पाठवू नका. त्या दिवसाचा ई-पेपर उघडून पान शोधा. जुनी खरी बातमी तारीख कापून आजची म्हणून फिरवणं हा याचाच दुसरा प्रकार.

१८. आमच्या गावच्या वाचनालयाला दोनच अंक परवडतात. कोणते लावावेत?

नावं आम्ही सांगणार नाही, ती गावानेच ठरवावीत. एक अंक असा लावा ज्याच्याशी गावातल्या बहुतेकांचं पटतं, म्हणजे लोक वाचनालयात येतील. दुसरा उघडपणे वेगळ्या विचाराचा. दोन्ही 'सर्वांचे' म्हणवणारे लावले तर प्रेस नोटाच दोनदा वाचल्या जातील. जिल्ह्याचं एखादं धडपडं साप्ताहिक असेल तर त्याची वर्गणी ग्रामपंचायतीच्या पैशातून न भरता लोकवर्गणीतून भरा, म्हणजे सरपंचाविरुद्धचा अंकही टेबलावर राहील.

१९. माझा मुलगा एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी आहे. वर्धापनदिनाला त्याच्यावर जाहिरातींचं टार्गेट असतं. त्याने प्रामाणिक राहावं कसं?

हा प्रश्न एका आईने पाठवला, आणि नंतर तसेच आणखी आले. नोकरी सोड, असं आम्ही सांगणार नाही. आमच्या ओळखीच्या काही बातमीदारांनी स्वतःपुरते काही नियम केले आहेत. ज्याची जाहिरात घेतली त्याच्या विरोधातली तक्रार आली तर ती बातमी स्वतः न लिहिता जिल्हा कार्यालयाकडे लेखी पाठवायची. जाहिरातीच्या बदल्यात बातमीचा शब्द कोणाला द्यायचा नाही, आणि हे जाहिरात घेतानाच सांगायचं. जाहिरात मागायला शक्यतो व्यापाऱ्यांकडे, दवाखान्यांकडे, कृषी केंद्रांकडे जायचं, निवडून आलेल्या माणसाकडे सगळ्यांत शेवटी. याने टार्गेट कधी कधी अपुरं राहतं. त्याचं मानधन किती आणि कमिशन किती, हे त्याच्या पेपरच्या वाचकांना माहीत असायला हवं. बातमीदारांच्या संघटनांनी हा आकडा उघडपणे मांडावा, अशी आमची मागणी आहे, आणि तुमच्या मुलाला ती आपल्या तालुका पत्रकार संघाच्या बैठकीत मांडता येईल.